भिंतीला चिकटलेली पेशी

1867 साली बर्लिनमध्ये युलियस कोनहाइम या तरुण डॉक्टरांनी एका बेडकाला कुरारे टोचून निश्चल केलं, त्याच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ, पारदर्शक पडदा बाहेर काढून पसरला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्या पडद्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पडदा उघड्यावर आला की तिथे दाह सुरू होणार, हे त्यांना ठाऊक होतं. तो सुरू होताना नेमकं काय घडतं, हे त्यांना पाहायचं होतं.

आधी वाहिन्या रुंदावल्या. मग प्रवाह मंदावला. लाल पेशी मधल्या धारेतून जात राहिल्या, पण पांढऱ्या पेशी कडेला सरकल्या, भिंतीला घासत, अडखळत पुढे गेल्या आणि एकेक करून थांबल्या. बघता बघता भिंतीच्या आतल्या अंगाला पांढऱ्या पेशींची सलग रांग लागली. त्यानंतर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीकसा उंचवटा दिसू लागला. तो हळूहळू वाढत गेला, आतला भाग तेवढाच कमी होत गेला आणि अखेर अख्खी पेशी वाहिनीच्या बाहेर आली. वाहिनी कुठेही फाटली नव्हती. जखमेत साचणाऱ्या पुवातल्या पेशी रक्तातून येतात, हे कोनहाइम यांनी डोळ्यांदेखत घडताना पाहिलं.

ते ज्या संस्थेत काम करत होते, तिचे प्रमुख होते रुडॉल्फ फिर्खो, त्या काळातलं विकृतिशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव. पुवातल्या पेशी त्या त्या जागच्या ऊतींतच तयार होतात, असं फिर्खो मानत. शिष्यानं गुरूचं मत खोडून काढलं आणि तो निबंध गुरूंच्याच नियतकालिकात छापून आला. याच फिर्खोंनी 1850च्या दशकात आणखी एक विचार मांडला होता. धमन्यांच्या आत जे पिवळट, चरबीचे थर दिसतात ते बाहेरून येऊन बसलेला गाळ नाहीत, भिंतीच्या आत दाह चालू असल्याची ती खूण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकिटान्स्की यांना ते पटलं नव्हतं. रक्तातले घटक भिंतीवर साचून हे थर बनतात, असं ते म्हणत.

धमनीतला दाह आणि भिंतीला चिकटून आत शिरणारी पांढरी पेशी, हे दोन्ही धागे अशा रीतीने एका गुरू-शिष्यांच्या जोडीला, दहा-बारा वर्षांच्या अंतराने हाती आले होते. ते एकमेकांना जोडले जायला मात्र शंभराहून अधिक वर्षं लागली. हे प्रकरण त्या जोडणीचं आहे. ती होईपर्यंत हृदयविकाराचं आपलं आकलन अर्धवट होतं आणि आजही बहुतेक घरांत ते अर्धवटच आहे.

नळाची गोष्ट कुठे अपुरी पडते

अँजिओग्राफी करून आलेल्या माणसाला भेटायला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘दोन ब्लॉक निघाले, एक नव्वद टक्के, एक सत्तर टक्के.’ पुढची सगळी चर्चा त्या टक्क्यांभोवती फिरते. मनात चित्र असतं ते घरातल्या जुन्या नळाचं. आत कचरा साचत गेला, पाणी यायचं कमी झालं, एक दिवस नळ बंद पडला. हे चित्र सर्वस्वी खोटं नाही. चालताना छातीत भरून येणं आणि थांबलं की बरं वाटणं, हे अरुंद झालेल्या धमनीमुळेच होतं. झटका आलेला असताना बंद झालेली धमनी तातडीने उघडली तर हृदयाचा स्नायू वाचतो आणि माणूस वाचतो. त्यासाठी तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब ठेवावा लागतो.

पण 1988च्या सुमारास काही हृदयतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट तपासली. ज्यांना झटका आला, त्यांच्यापैकी काहींची अँजिओग्राफी झटक्याच्या आधीही कधीतरी झालेली होती. ते जुनं चित्रण काढून पाहिलं तेव्हा दिसलं, की झटका जिथे आला ती जागा आधी बहुतेकदा निम्म्याहून कमी अरुंद होती. ज्या जागेकडे कुणी लक्षही दिलं नसतं, तीच फुटली होती. ट्रेडमिलवरची तपासणी ठाकठीक आलेल्या माणसाला चार महिन्यांत झटका का येतो, याचं उत्तर इथे आहे. थर किती जाड आहे, याइतकंच तो किती अस्वस्थ आहे, हे महत्त्वाचं ठरतं. आणि अस्वस्थ फक्त जिवंत गोष्ट असू शकते.

धमनीची भिंत जिवंत आहे, हे फार उशिरा नीट उमगलं. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पदर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण त्याला अस्तर म्हणू. अनेक वर्षं त्याला नुसतं आवरण समजलं गेलं. 1980 साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य दिल्यावर पट्टी कधी सैल पडायची, कधी आकसायची. कारण शोधता शोधता लक्षात आलं, की पट्टी कापताना आतलं अस्तर घासलं गेलं असेल तर ती आकसते आणि अस्तर शाबूत असेल तर सैल पडते. अस्तर स्नायूला काहीतरी निरोप देत होतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. या शोधासाठी फर्चगॉट यांना 1998 साली आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं.

हाच वायू आणखी एक काम करतो. तो पांढऱ्या पेशींना आणि रक्तबिंबिकांना अस्तरापासून दूर ठेवतो. निरोगी धमनीच्या अस्तरावर पांढरी पेशी टिकत नाही. धमनीत तिचं चिकटणं हीच बिघाडाची पहिली पायरी आहे.

पेशी चिकटते कशी

वेगाने वाहणाऱ्या रक्तातून एखाद्या पेशीने भिंतीवर थांबायचं, ही सोपी गोष्ट नाही. ती टप्प्याटप्प्याने घडते आणि प्रत्येक टप्प्याची रेणूंची सामग्री वेगळी असते.

पहिला टप्पा घरंगळण्याचा. अस्तराच्या पेशी डिवचल्या गेल्या की त्या आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं आणतात. त्यातलं पी-सिलेक्टिन तर त्यांनी पेशीच्या आत आधीच बारीक पुड्यांत भरून ठेवलेलं असतं. इशारा मिळताच काही मिनिटांत ते बाहेर येतं. पांढऱ्या पेशीवर असलेल्या शर्करेच्या साखळ्यांना ते धरतं, पण ही पकड क्षणभराची असते. एक सुटते, पुढची लागते, आणि पेशी भिंतीवरून घरंगळत जाते. मघाशी बेडकाच्या पडद्यात अडखळताना दिसली, ती याच टप्प्यावरची पेशी.

घरंगळल्यामुळे तिचा वेग कमी होतो आणि भिंतीवर मांडून ठेवलेले इशारे तिला कळतात. केमोकाइन नावाची ही लहान प्रथिनं आहेत. ती मिळाली की दुसरा टप्पा सुरू होतो. पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाचे रेणू एरवी वाकून, मिटून बसलेले असतात. इशारा मिळाल्यावर ते क्षणार्धात ताठ उभे राहतात आणि अस्तरावरच्या आयकॅम-1 किंवा व्हीकॅम-1 या रेणूंना घट्ट धरतात. पेशी थांबते. मग ती चपटी होते, भिंतीवरून सरपटत दोन पेशींमधली सांधरेषा शोधते आणि तिथून आत शिरते. 1991 साली बॉस्टनमध्ये मायकेल लॉरेन्स आणि टिमोथी स्प्रिंगर यांनी कृत्रिम पृष्ठभागावर हे रेणू लावून दाखवून दिलं, की घरंगळणं आणि घट्ट थांबणं ही दोन वेगवेगळ्या रेणूंची कामं आहेत. वाहत्या द्रवात नुसते इंटिग्रिनचे जोडीदार लावले तर पेशी पकडल्याच जात नाहीत; आधी सिलेक्टिनने वेग कमी करावा लागतो.

हे चिकटणं शरीरासाठी किती मोलाचं आहे, ते एका दुर्मीळ आजारात दिसतं. काही बाळं अशी जन्मतात, की एका जनुकातल्या दोषामुळे त्यांच्या पांढऱ्या पेशींवर इंटिग्रिनचा एक भाग, सीडी-18, नीट बनतच नाही. बाळाची नाळ साधारण आठवडा-दोन आठवड्यांत गळून पडते. या बाळांची ती महिना होत आला तरी पडत नाही आणि बेंबी चिघळते. जखमा होतात, पण त्यांत पू धरत नाही. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशींचा आकडा प्रचंड वाढलेला असतो. पेशी भरपूर आहेत, पण त्या रक्तातच फिरत राहतात. भिंतीला धरता येत नाही म्हणून बाहेर पडता येत नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत अशा जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान होतं. थोड्याशा रक्तातल्या पेशींवर सीडी-18 आहे की नाही, हे तिथे यंत्रावर पाहता येतं. दोष तीव्र असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणावाचून ही बाळं सहसा वाचत नाहीत.

हे लक्षात ठेवून पुढे जायला हवं. हृदयविकारात आपण ज्या पेशीला दोष देतो, तिच्याच चिकटण्यावर प्रत्येक जखमेचं भरून येणं अवलंबून आहे.

सशाच्या धमनीत

हृदयविकाराच्या कहाणीत कोलेस्टेरॉल शिरलं ते रशियातून. 1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी आपले सहकारी सेम्योन खालातोव्ह यांच्यासह सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून खाऊ घातलं. सशांच्या धमन्यांत माणसांसारखेच थर तयार झाले. अनिचकोव्ह यांनी ते कापून पाहिले तेव्हा त्यांना चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशी आढळल्या. पण पुढच्या पिढ्यांच्या लक्षात राहिलं ते फक्त कोलेस्टेरॉल. त्या फेसाळ पेशी कुठून आल्या आणि तिथे काय करत होत्या, हा प्रश्न मागे पडला.

तो पुन्हा वर आला 1980च्या दशकात. बॉस्टनमध्ये मायकेल गिम्ब्रोन यांच्या प्रयोगशाळेत मायकेल बेव्हिलाक्वा यांनी माणसाच्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवल्या होत्या. 1985 साली त्यांनी त्या पेशींना इंटरल्यूकिन-1 हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन दिलं, काही तासांनी ते धुऊन काढलं आणि वर पांढऱ्या पेशी सोडल्या. एरवी न चिकटणाऱ्या पेशी आता भराभर चिकटल्या. बदल अस्तरात झाला होता. त्याच प्रयोगशाळेत मायरॉन सिबुल्स्की यांनी मग सशांकडे मोर्चा वळवला. 1991 साली त्यांनी आणि गिम्ब्रोन यांनी दाखवलं, की कोलेस्टेरॉल खाल्लेल्या सशांच्या धमनीत जिथे फेसाळ पेशी जमतात, नेमक्या तिथेच वरच्या अस्तरावर व्हीकॅम-1 उगवलेलं असतं. पुढच्या प्रयोगांत कळलं, की असा आहार सुरू केल्यापासून आठवड्याभरातच, भिंतीत पेशी साचण्याच्याही आधी, हा रेणू अस्तरावर येतो. 2001 साली उंदरांत व्हीकॅम-1 जनुकीय बदलाने कमी केलं तेव्हा सुरुवातीचे थर लहान राहिले. आयकॅम-1 काढून तसा फरक पडला नाही.

आता सगळा क्रम मांडता येतो. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांचं प्रमाण जास्त राहिलं की ते अस्तरातून भिंतीत शिरतात, तिथल्या तंतूंना अडकतात आणि त्यांच्यात रासायनिक बदल होतात. त्या बदललेल्या कणांमुळे अस्तर डिवचलं जातं. अस्तर सिलेक्टिन आणि व्हीकॅम-1 बाहेर काढतं, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना बोलावणारं केमोकाइन सोडतं. मोनोसाइट चिकटतात, आत जातात, तिथे त्यांच्या मॅक्रोफेज पेशी होतात. मॅक्रोफेजचं कामच नको असलेलं गिळणं. त्या एलडीएल गिळत राहतात आणि पचवता येण्याच्या पलीकडे गिळतात. अनिचकोव्ह यांच्या फेसाळ पेशी त्या ह्याच.

हे सगळीकडे सारखं का घडत नाही? कोलेस्टेरॉल तर सगळ्या धमन्यांतून सारखंच फिरतं. पण थर साचतात ते मुख्यतः ठरावीक जागी: मानेतली धमनी जिथे दुभंगते तिथे, हृदयाच्या धमन्यांना फाटे फुटतात तिथे, वळणांच्या आतल्या अंगाला. सरळ भागात रक्त एका दिशेने, एका लयीत वाहतं आणि अस्तर त्या घर्षणाने शांत राहतं, नायट्रिक ऑक्साइड भरपूर बनवतं. फाट्यांवर प्रवाह हेलकावतो, मागे-पुढे होतो. तिथलं अस्तर कायम थोडं बिथरलेलं असतं आणि चिकटवणारे रेणू बाहेर काढायला तयार असतं. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू या गोष्टी त्या बिथरलेल्या अस्तराला आणखी डिवचतात.

या प्रक्रियेला किती लवकर सुरुवात होते, ते कोरियन युद्धात दिसलं होतं. तिथे मारल्या गेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासून 1953 साली अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय 22 होतं आणि 77 टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा होत्या.

पापुद्रा फाटतो तेव्हा

भिंतीत शिरलेल्या पेशी तिथेच मरू लागतात. त्यांच्यातली चरबी बाहेर सांडते आणि थराच्या गाभ्यात मऊ, लगद्यासारखा ऐवज जमतो. त्यात कोलेस्टेरॉलचे टोकदार स्फटिक असतात. हे स्फटिक मॅक्रोफेजच्या आतली एक दाहाची यंत्रणा सुरू करतात, हे 2010 साली दाखवलं गेलं. त्यातून इंटरल्यूकिन-1 बाहेर पडतं. बशीतल्या अस्तराला चिकट करणारं ते हेच. ते पुन्हा अस्तराला चेतवतं, आणखी पेशी येतात, आणखी मरतात. दाह स्वतःलाच इंधन पुरवू लागतो.

शरीर या लगद्यावर तंतूंचा एक पापुद्रा घालतं. पापुद्रा जाड असेल तर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहतो. पण मॅक्रोफेज तंतू कुरतडणारी विकरं सोडतात आणि थरात आलेल्या टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, नवे तंतू बनवण्याच्या कामात खीळ घालतात. पापुद्रा झिजत झिजत 65 मायक्रोमीटरच्या आत आला, म्हणजे साधारण केसाएवढा उरला, की धोका वाढतो. मग एखाद्या क्षणी तो फाटतो, आतला ऐवज रक्ताला भिडतो आणि गुठळी धरते. पुढची काही मिनिटं आणि तास म्हणजेच हृदयविकाराचा झटका.

शरीरात अन्यत्र पेटलेला दाहही हा पापुद्रा फाडायला हातभार लावू शकतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सहापट होतं. संधिवात, सोरायसिस, ल्यूपस अशा दीर्घ दाहाच्या आजारांतही हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळतो. हिरड्यांचा जुनाट आजार आणि हृदयविकार हेही वारंवार एकत्र दिसतात.

रक्तातली खूण आणि पुण्यातली एक तुलना

दाह वाढला की यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, बनवू लागतं. 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. त्याचं अगदी अल्प प्रमाण मोजायची सोय झाल्यावर 1997 साली पॉल रिडकर यांच्या गटाने निरोगी अमेरिकी पुरुष डॉक्टरांच्या साठवलेल्या रक्तात ते मोजलं. ज्यांचं सीआरपी जास्त होतं, त्यांना पुढे झटका येण्याचं प्रमाणही जास्त निघालं.

या खुणेचा आपल्याशी थेट संबंध आहे. लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, या दोन डॉक्टर-संशोधकांचं शेजारी शेजारी उभं असलेलं छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी किती लपलेली असते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवलं. आणि याच युडकिन यांनी 1999 साली सहकाऱ्यांबरोबर मांडलं होतं, की चरबीच्या ऊतींतून निघणारी प्रथिनं सीआरपी वाढवतात आणि अस्तर बिघडवतात. पोटातली चरबी म्हणजे दाहाचे निरोप धाडणारी ऊती आहे, हे तेव्हापासून पक्कं होत गेलं. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मध्यक वय 53 निघालं, इतरांत ते 59च्या जवळ होतं. या तफावतीला कारणं अनेक आहेत, पण ‘मी तर बारीक आहे’ या भरवशावर राहणं आपल्याला परवडणारं नाही.

दाह शमवून पाहिला तेव्हा

खूण सापडणं वेगळं आणि कारण सिद्ध होणं वेगळं. दाह कमी केल्याने झटके कमी होतात का, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी कोलेस्टेरॉलला धक्का न लावता फक्त दाह कमी करणारं औषध हवं होतं. कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-1 बीटाला अडवणारं प्रतिपिंड तसं होतं. आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या 10,061 रुग्णांवर कॅन्टोस ही चाचणी झाली आणि 2017च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोनात निकाल जाहीर झाला. दर तीन महिन्यांनी 150 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू या घटना मिळून 15 टक्क्यांनी घटल्या. एलडीएल जसंच्या तसं होतं. फिर्खोंच्या मताला माणसांवरच्या चाचणीतून मिळालेला हा पुरावा होता, आणि बेव्हिलाक्वांच्या बशीतलं प्रथिन तेच या औषधाचं लक्ष्य होतं.

पण त्या निकालाची दुसरी बाजूही तितकीच गंभीर होती. औषध घेणाऱ्यांत जीवघेण्या संसर्गाचं प्रमाण वाढलं. दर हजार रुग्णांमागे वर्षाला साधारण एक मृत्यू जास्त. एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी हृदयविकारासाठी या औषधाला परवानगी दिली नाही. पुढे मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं स्वस्त औषध कमी मात्रेत वापरून पाहिलं, तर त्याचा हृदयविकारात काहीच उपयोग झाला नाही. म्हणजे कुठलाही दाह कसाही कमी करून भागत नाही. नेमकी वाट अडवावी लागते.

मग थेट चिकटणंच का थांबवू नये? तेही झालं आहे. 2000च्या आसपास झटका आलेल्या रुग्णांत सीडी-18 अडवणारी प्रतिपिंडं देऊन पाहिली, हृदयाचं नुकसान कमी झालं नाही. नॅटालिझुमॅब हे औषध व्हीकॅम-1ला धरणारा इंटिग्रिन अडवतं. ते मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर प्रभावी ठरलं, पण पांढऱ्या पेशींना मेंदूत जाता येईना तेव्हा काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त असलेला विषाणू बळावला. 2005 साली औषध बाजारातून मागे घ्यावं लागलं आणि पुढच्या वर्षी कडक देखरेखीसह परत आलं. ज्यांच्या जखमेत पू धरत नाही अशा बाळांनी जे शिकवलं, तेच इथे पुन्हा दिसलं. ही वाट सरसकट बंद केली तर रोगापेक्षा इलाज जालीम ठरतो.

मधला मार्ग दाखवला तो एका जुन्या औषधाने. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर कळलावीचे वेल कुंपणांवर चढलेले दिसतात. पानांची टोकं स्प्रिंगसारखी वळून आधाराला धरतात आणि मागे दुमडलेल्या पाकळ्यांची लाल-पिवळी फुलं लांबूनही नजरेत भरतात. या वेलीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. ते जहाल विष आहे. कंद खाऊन माणसं दगावली आहेत. युरोपात हेच द्रव्य कोल्चिकम या वनस्पतीतून मिळालं आणि गाउटच्या दुखण्यावर पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. मोजून-मापून दिलेल्या अत्यल्प मात्रेत ते स्फटिकांनी सुरू होणारी दाहाची यंत्रणा मंदावतं, आणि अस्तरावरच्या व पांढऱ्या पेशींवरच्या सिलेक्टिनची मांडणी बिघडवून त्यांची पकड ढिली करतं. नुकताच झटका येऊन गेलेल्या 4,745 रुग्णांवरच्या कोल्कॉट चाचणीत, 2019 साली, रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीनने पुढच्या घटना 23 टक्क्यांनी कमी झाल्या. 2020 साली जुन्या, स्थिर हृदयरुग्णांत घट 31 टक्के दिसली. 2023 साली अमेरिकेत या उपयोगासाठी परवानगी मिळाली. त्यानंतर 2024 साली 7,062 रुग्णांवरच्या क्लिअर चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. म्हणून हे औषध आज सगळ्यांसाठी नाही. कोणाला द्यायचं, मूत्रपिंडं कशी आहेत, सोबत कोणती प्रतिजैविकं चालू आहेत, हे डॉक्टरांनीच पाहायचं. आणि कळलावीचा कंद घरी उगाळण्याचा विचार कुणी मनातही आणू नये.

दोन कारणं, एक उपाययोजना

एवढं वाचून कुणी म्हणेल, की कोलेस्टेरॉलची भीती उगाच घातली, खरा गुन्हेगार दाह आहे. असं म्हणणारे बरेच भेटतात आणि त्या भरात कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या बंद करतात. त्यांना बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांची माहिती द्यायला हवी. 705 प्रौढांच्या हृदयधमन्यांचे सीटी स्कॅन करून 2017 साली अहवाल आला. 85 टक्के लोकांच्या धमन्यांत कॅल्शियमचा, म्हणजे जुन्या थरांच्या खुणेचा, लवलेश नव्हता. आजवर तपासलेल्या कुठल्याही समाजात इतक्या स्वच्छ धमन्या आढळल्या नव्हत्या. आणि तरीही निम्म्या लोकांचं सीआरपी वाढलेलं होतं, कारण जंत आणि संसर्ग त्यांच्या पाचवीला पुजलेले आहेत. पण त्यांचं एलडीएल सरासरी 91 होतं, अंगमेहनत दिवसभराची होती, तंबाखू अगदी कमी होता. भिंतीत अडकायला एलडीएलच फारसं नसेल, तर पांढऱ्या पेशीला तिथे गिळायला काही उरत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की कोलेस्टेरॉल आणि दाह यांत निवड करायची नसते. एलडीएल हे पेशीला भिंतीकडे बोलावणारं कारण आहे आणि दाह हे ती आत जाऊन काय करते याचं नाव आहे. स्टॅटिन दोन्हीकडे काम करतं; एलडीएलबरोबर सीआरपीही उतरवतं. ज्युपिटर चाचणीत, 2008 साली, एलडीएल फारसं वाढलेलं नसलेल्या पण सीआरपी 2च्या वर असलेल्या 17,802 लोकांत रोसुव्हास्टॅटिनने घटना 44 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. डॉक्टरांनी दिलेली ती गोळी मनाने बंद करू नये.

बाकीचे उपाय पांढऱ्या पेशीला लुळं करणारे नकोत, तिला भिंतीकडे बोलावणारे इशारे कमी करणारे हवेत. तंबाखू कुठल्याही रूपात सोडला की अस्तर सावरू लागतं. रक्तदाब आणि साखर आटोक्यात असली की फाट्यांवरचं अस्तर कमी बिथरतं. रोजच्या चालण्याने रक्ताच्या प्रवाहाला जो जोर येतो, त्यानेच अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायची चालना मिळते. वजनापेक्षा कंबरेच्या घेरावर लक्ष ठेवावं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते अंगावर काढू नये. झटका येऊन गेलेल्यांनी फ्लूची लस घ्यावी. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटक्यानंतर लगेच ही लस दिलेल्यांत वर्षभरातल्या घटना 28 टक्क्यांनी कमी होत्या. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपीची तपासणी सर्दी-तापात करू नये, आकडा 10च्या वर आला तर आधी संसर्ग शोधावा आणि बरं वाटल्यावर ती पुन्हा करावी. संधिवात किंवा सोरायसिस असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना हृदयाबद्दलही विचारावं.

अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात आला की टक्के विचारणं साहजिक आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारायची सवय आपल्याकडे लागली पाहिजे: एलडीएल किती खाली आणायचं आहे, आणि अंगात कुठे दाह धुमसतो आहे का? स्टेंट एका जागेचं काम करतो. बाकी सगळ्या धमन्यांची काळजी या दोन प्रश्नांची उत्तरं घेणार आहेत.